अँटेनाची घडी मोडताना

मोबाइलवर एफएम रेडिओ लावायला गेले की बहुतेक फोन आधी एक अट घालतात: इअरफोनची वायर जोडा. गाणी फोनच्या स्पीकरवर ऐकायची असली तरी ही अट सुटत नाही. पुष्कळांना हा कंपनीचा खोडसाळपणा वाटतो. खरे कारण साधे आहे. ती वायर कानासाठी नसतेच, ती फोनचा अँटेना असते. एफएमच्या लहरींची वारंवारता १०० मेगाहर्ट्झच्या आसपास असते, म्हणजे एक लहर सुमारे तीन मीटर लांब. ती नीट पकडायची तर तिच्या पावपट, म्हणजे पाऊण मीटर लांबीची तार हवी. फोन जेमतेम पंधरा-सोळा सेंटिमीटर उंच. ज्या वस्तूच्या पोटात नखाएवढ्या चिपवर अब्जावधी ट्रान्झिस्टर बसतात, तिला पाऊण मीटर तार मात्र बाहेरून मागून घ्यावी लागते. बिनतारी संदेशवहनातली सर्वांत चिवट अडचण या एका विसंगतीत आहे. बाकी सगळे लहान होत गेले, अँटेना हट्टाने आपल्या मापाचा राहिला. माप सोडायचे नाही आणि जागाही अडवायची नाही, म्हटल्यावर एकच वाट उरते. लागेल तेव्हा पसरायचे, नको तेव्हा मिटायचे, आणि जमल्यास काम बदलेल तसा आकार बदलायचा.

माप का सोडता येत नाही, हे सतार ऐकणाऱ्याला चटकन कळेल. सतारीच्या मुख्य तारांखाली तरफेच्या तारा असतात. वर गंधार वाजला की खालची गंधाराला लावलेली तार आपोआप झंकारते आणि शेजारच्या गप्प राहतात. अँटेना ही हवेत उभी केलेली तरफच. येणारी लहर धातूतल्या इलेक्ट्रॉनांना मागे-पुढे ढकलते. धातूची लांबी लहरीच्या निम्मी किंवा पाव असेल तर प्रत्येक ढकलणी आधीच्या हेलकाव्याला नेमक्या क्षणी येऊन मिळते, झोपाळ्याला वेळेवर हात लावावा तशी. म्हणून प्रत्येक सेवेचा अँटेना वेगळ्या मापाचा. आकाशवाणीच्या पुणे केंद्राची मध्यम लहर ७९२ किलोहर्ट्झची, म्हणजे सुमारे ३७९ मीटर लांब. तिच्यासाठी उंच मनोरा लागतो. घरातल्या वाय-फायची लहर साडेबारा सेंटिमीटरची, तिला बोटाच्या पेरभर तार पुरते. कोलकात्यात जगदीशचंद्र बोस यांनी १८९५च्या सुमारास काही मिलिमीटर लांबीच्या लहरींवर प्रयोग केले, तेव्हा त्यांची सगळी मांडणी एका टेबलावर मावत होती. त्याच काळात मार्कोनी शेकडो मीटरच्या लहरी घेऊन समुद्रकिनाऱ्यावर खांब उभारत होते. दोघांच्या उपकरणांच्या आकारात जो फरक दिसतो तो लहरीच्या लांबीचा आहे.

इथे एक रास्त शंका येते. लहर पावणेचारशे मीटरची असेल तर तेच पुणे केंद्र हातात मावणाऱ्या ट्रान्झिस्टरवर कसे लागते? त्या रेडिओत बोटभर फेराइटच्या कांडीवर गुंडाळलेली तार असते, आणि ती चालते. पण ती चालते याचे कारण तिची कार्यक्षमता नव्हे. ती लहरीतला अगदी क्षुल्लक अंश पकडते. मध्यम लहरींच्या पट्ट्यात विजांचा आणि यंत्रांचा गोंगाट मुळातच इतका मोठा असतो की लहान कांडी गाणे आणि गोंगाट दोन्ही सारखेच कमी करते, त्यांचे परस्परप्रमाण बिघडत नाही, आणि पुढचे काम अ‍ॅम्प्लिफायर करतो. ही सवलत फक्त ऐकणाऱ्याला आहे, बोलणाऱ्याला नाही. प्रक्षेपण करायचे तर आखूड अँटेनात घातलेली बरीचशी वीज उष्णता होऊन वाया जाते. हॅरल्ड व्हीलर यांनी १९४७ साली आणि लान जेन चू यांनी १९४८ साली ही मर्यादा गणिताने मांडली. लहरीच्या मानाने अँटेना फार लहान केला की एक तर त्याचा पट्टा अरुंद होतो, नाही तर त्यातून ऊर्जा बाहेर पडणे घटते. दोन्ही वाचवता येत नाहीत. ही अडचण कारखान्याची असती तर दहा वर्षांत सुटली असती. ती भौतिकशास्त्राची आहे, म्हणून पाऊणशे वर्षे जागची हललेली नाही.

आकार बदलला की अँटेनाचा स्वर बदलतो, हे माणसाला पहिल्यांदा कळले ते उपद्रव म्हणून. १२ डिसेंबर १९०१ रोजी न्यूफाउंडलंडच्या सिग्नल हिलवर मार्कोनी अटलांटिकपलीकडून येणाऱ्या संदेशाची वाट पाहत होते. त्यांचा अँटेना म्हणजे पतंगाने वर ओढलेली सुमारे दीडशे मीटरची तार. वारा सोसाट्याचा. पतंग वर-खाली गोते खाई, तसा तारेचा जमिनीशी असलेला कोन आणि अंतर बदले, आणि तिचे विद्युत्गुण क्षणाक्षणाला पालटत. एका ठरावीक वारंवारतेवर नीट लावलेला नवा ग्राहक त्यामुळे निकामी ठरला. अखेर त्यांनी जुना, कशालाच न लावलेला ग्राहक काढला आणि कानाला फोन लावून मोर्स कोडमधला ‘एस’ ऐकल्याचे सांगितले. खरेच ऐकला का, यावर अजून वाद आहे. तो वाद बाजूला ठेवला तरी त्या दिवशी पतंगाने जे केले ते नेमके आजच्या आकार बदलणाऱ्या अँटेनाचे काम आहे. फरक एवढाच की तिथे दोरी वाऱ्याच्या हातात होती.

ही दोरी आपल्या हातात घेण्याचा पहिला उपाय म्हणजे हालचाल टाळून विजेने फसवणूक करणे. तुमच्या फोनमध्ये आज हेच चालते. फोनच्या कडेची धातूची पट्टी हा अँटेना असतो, आणि तिच्या वाटेत बारीक इलेक्ट्रॉनिक खटके बसवलेले असतात. एक खटका उघडला की विजेला लांबचा रस्ता घ्यावा लागतो, दुसरा मिटला की जवळचा. पट्टी जागची हलत नाही, पण विजेला तिची लांबी बदललेली भासते. फोन मुठीत धरला की हाताच्या स्पर्शाने अँटेनाचा स्वर उतरतो, तोही असाच सावरून घेतला जातो. हे बासरीसारखे आहे. बासरीची नळी एकच. भोके उघडझाप करून वादक आतल्या हवेचा स्तंभ लांब-आखूड करतो. पण सगळी भोके झाकल्यावर जो स्वर निघतो त्याहून खालचा स्वर त्या बासरीत नसतो. खर्जाचे गांभीर्य हवे म्हणून पन्नालाल घोषांना लांब बासरी घडवावी लागली. खटक्यांचेही तसेच. जेवढे अंग आहे त्याच्या आत ते हवे तितके खेळ करतात, अंग वाढवू शकत नाहीत. माझा या लेखातला मुद्दा इतकाच आहे: इलेक्ट्रॉनिक्स लहर वळवू शकते, निवडू शकते, सावरू शकते, लांबी आणि क्षेत्रफळ मात्र खरोखरच असावे लागते, आणि ते खिशात किंवा रॉकेटच्या टोपीत न्यायचे तर घडीला पर्याय नाही.

रॉकेटची टोपी हा शब्द गमतीने वापरलेला नाही. अवकाशात अँटेना जितका मोठा तितका त्याचा झोत अरुंद आणि आवाज लांब पोचणारा. पण तिथे जाण्याचा रस्ता काही मीटर रुंदीच्या आवरणातून जातो. तिथे घडी केवळ सोय राहत नाही, मोहिमेचा जीव तिच्यात अडकतो. हे सर्वांत महागात शिकवणारे उदाहरण म्हणजे गुरूकडे निघालेले गॅलिलिओ यान. १९८९च्या ऑक्टोबरमध्ये ते निघाले तेव्हा त्याचा ४.८ मीटर व्यासाचा मुख्य अँटेना छत्रीसारखा मिटलेला होता: अठरा काड्या आणि त्यांवर सोन्याचा मुलामा दिलेल्या मॉलिब्डेनमच्या तारांची जाळी. ११ एप्रिल १९९१ रोजी छत्री उघडण्याची आज्ञा गेली. मोटारी फिरल्या, थोडे उघडल्यावर अडखळल्या, थांबल्या. तीनेक काड्या मधल्या खांबाला चिकटून राहिल्याने छत्री वेडीवाकडी, अर्धवट उघडी राहिली. अभियंत्यांनी यान उन्हाकडे वळवून तापवले, सावलीत नेऊन थंड केले, जास्त वेगाने फिरवले, मोटारींना थांबत-थांबत तेरा हजारांहून अधिक हिसके दिले. काही उपयोग झाला नाही. छत्री अडकली की आपण घरी तिला झटकतो. हे झटकणे कोट्यवधी किलोमीटरवरून चालले होते.

कारण शोधताना बोट जमिनीकडेच वळले. १९८६च्या चॅलेंजर दुर्घटनेने उड्डाण लांबले, आणि मिटलेला अँटेना कॅलिफोर्निया आणि फ्लोरिडा यांच्यामध्ये ट्रकमधून पुन्हा पुन्हा नेला-आणला गेला. रस्त्याच्या हादऱ्यांनी काड्यांच्या खुंट्यांवरचे कोरडे वंगण घासून गेले असावे, असा निष्कर्ष निघाला. आडव्या ठेवलेल्या अँटेनात हादरे ठरावीक काड्यांनाच जास्त बसतात, आणि अडकलेल्या काड्याही त्याच बाजूच्या होत्या. परिणाम आकड्यांत पाहावा. मुख्य अँटेनाने सेकंदाला सुमारे १३४ हजार बिट पाठवायचे ठरले होते. आता छोट्या अँटेनावर सगळी भिस्त आली, आणि नवे सॉफ्टवेअर चढवून, पृथ्वीवरच्या तबकड्या एकत्र जोडूनही वेग सेकंदाला १६० बिटांच्या घरातच राहिला. त्या यानाचा कॅमेरा ८०० गुणिले ८०० ठिपक्यांचे चित्र घेई. न दाबलेले असे एक चित्र पहिल्या वेगाने चाळीस सेकंदांच्या आत आले असते, दुसऱ्या वेगाने जवळजवळ नऊ तास. तरीही मोहिमेची सुमारे ७० टक्के वैज्ञानिक उद्दिष्टे साधली. पाहा, सॉफ्टवेअरने भागले की, असे कोणी म्हणेल. भागले, हे खरे. त्या अभियंत्यांना दंडवतच घातला पाहिजे. पण आठशेपट फरकापैकी जो परत मिळाला तो चित्रे दाबून आणि निवडून मिळाला, आणि गुरूच्या वातावरणाची जी हजारो चित्रे कधी काढलीच गेली नाहीत ती कुठल्याही प्रोग्रामने भरून दिली नाहीत.

इतके होऊनही घडीचे अँटेना कोणी सोडले नाहीत. उलट ते मोठे होत गेले. इस्रोच्या जीसॅट-६ने २०१५ साली सहा मीटरची छत्री अवकाशात उघडली. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोटाहून निघालेल्या निसार उपग्रहाची छत्री तर बारा मीटरची आहे. १२३ संमिश्र कांड्यांचा सांगाडा, त्यावर सोन्याचा मुलामा दिलेल्या तारांची जाळी, आणि सगळ्याचे मिळून वजन सुमारे ६४ किलो, म्हणजे एका माणसाएवढे. आधी नऊ मीटरचा हात एकेक सांधा करत चार दिवसांत सरळ झाला. मग १५ ऑगस्टला बांधणी सोडण्यासाठी छोटे स्फोटक बोल्ट उडवले गेले, जाळी स्वतःतल्या ताणाने थोडी फुलली, आणि मोटारींनी दोऱ्या ओढून तिला शेवटच्या जागी पक्के केले. नव्या साडीची घडी मोडण्यासारखे हे हलके काम वाटेल, पण त्याच्यामागे वर्षानुवर्षांची धास्ती असते. मिटलेल्या अवस्थेत छत्री उन्हाने जास्त तापेल अशी शंका आली, तेव्हा उड्डाण लांबवून तिला कॅलिफोर्नियाला परत नेऊन खास लेप दिला गेला होता.

जाळी का चालते, सलग पत्रा का नको, हे पाहायला अवकाशात जायला नको. नारायणगावजवळ खोडदला जावे. तिथल्या जीएमआरटी दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या लांबून धूसर दिसतात, कारण त्या बव्हंशी पोकळ आहेत. जेमतेम अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या पोलादी तारांची जाळी दोरांवर ताणून बसवलेली, भोके एक ते दोन सेंटिमीटरची. एकवीस सेंटिमीटरची रेडिओ लहर आली की एवढी भोके तिला दिसतच नाहीत; तिच्या लेखी तो सलग आरसा असतो. वारा मात्र भोकांतून निघून जातो, म्हणून सांगाडा हलका ठेवता येतो. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे ओळखून कमी खर्चात एवढी मोठी दुर्बीण उभी केली. या तबकड्या मिटत नाहीत, पण आकार बदलण्याची एक छोटी युक्ती त्यांच्यातही आहे. तबकडीच्या केंद्रबिंदूपाशी चार बाजूंना वेगवेगळ्या वारंवारतांचे ग्राहक बसवलेला फिरता बुरूज आहे. हवा तो ग्राहक समोर आणायचा. जुन्या टीव्हीची चॅनेल बदलायची चकती आठवावी.

जाळीची ही सवलत वारंवारता वाढेल तशी आक्रसत जाते, आणि घडीवाल्यांची खरी डोकेदुखी इथे सुरू होते. जॉन रूझ यांनी दाखवून दिले की आरशाचा पृष्ठभाग लहरीच्या विसाव्या भागाइतका खडबडीत झाला की शक्तीचा जवळजवळ एक तृतीयांश वाया जातो. निसारची एक लहर २४ सेंटिमीटरची आहे, तिचा विसावा भाग बारा मिलिमीटर. तेवढी चूक होऊ न देणे कठीण असले तरी आवाक्यात आहे. पण २०१८ साली अंतराळ स्थानकावरून सोडलेल्या रेनक्यूब या चिमुकल्या उपग्रहाकडे पाहा. पाऊस मोजणाऱ्या त्याच्या रडारची लहर साधारण आठ मिलिमीटरची. विसावा भाग म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. अर्ध्या मीटरचा अँटेना मिठाईच्या खोक्याएवढ्या जागेत मिटवायचा, आणि उघडल्यावर तो इतका नेमका उघडला पाहिजे की कुठेही नखाच्या जाडीएवढी सुरकुती राहू नये. तो उघडला आणि त्याने पाऊस मोजला. पण मला वाटते, या क्षेत्रातली प्रगती उघडलेल्या मीटरांत मोजण्यापेक्षा न राहिलेल्या सुरकुत्यांत मोजावी.

आतापर्यंतची घडी एकदाच मोडायची होती. दुसरी घडी जास्त विलक्षण आहे: पुन्हा पुन्हा बदलणारी, जिच्यात आकार हेच सुकाणू असते. पातळ कागदाची सुरनळी करून दोन्ही टोके दोन हातांत धरावी आणि हलकेच उलट दिशांना पिळावी. अंगावर तिरप्या घड्या आपोआप उमटतात आणि नळी गुडघे मोडल्यासारखी बसते. उलटे पिळले की पुन्हा उभी राहते. आता त्या नळीवर तांब्याची पट्टी वेढे घेत वर चढत जाणारी चिकटवली आहे अशी कल्पना करा. नळी उभी असताना पट्टीचे वेटोळे विरळ, बसल्यावर दाट. हा मळसूत्री अँटेना झाला, ज्याच्या वेढ्यांतले अंतर हाताने बदलता येते. मळसूत्री अँटेनाचा जन्मच जरा हट्टातून झाला. १९४६ साली ओहायोत जॉन क्राउस यांनी एका पाहुण्या शास्त्रज्ञाला विचारले की मळसूत्र अँटेना म्हणून चालेल का. उत्तर आले, करून पाहिले, चालत नाही. क्राउस यांनी घरी येऊन तार गुंडाळली आणि ते चालले: वेढ्याचा परीघ एका लहरीएवढा असेल तर झोत नळीच्या टोकातून सरळ पुढे जातो. वेढा लहरीच्या मानाने अगदी लहान असेल तर तोच अँटेना झोत बाजूंना फेकतो. म्हणजे एकच तार, आणि आकारावर तिचे वागणे पार वेगळे. फ्लोरिडा इंटरनॅशनल विद्यापीठ आणि जॉर्जिया टेकमधल्या संशोधकांनी घडीच्या नळ्यांवर असे अँटेना करून दाखवले आहेत. जपानचे कोर्यो मिउरा यांची नकाशासारखी घडीही याच घराण्यातली. डोंगरघड्या आणि दरीघड्यांचे तिरपे जाळे असे की दोन कोपरे ओढले की सगळा कागद एकदम उघडतो. १९९५ साली ती एका जपानी यानाच्या सौरपंखांवर अवकाशात वापरली गेली.

कागदावर सुंदर दिसणाऱ्या या गोष्टींचे वैरी मात्र घडीच्या रेषेवरच बसलेले असतात. तांब्याची पट्टी एकाच जागी शेकडो वेळा दुमडली की तिथे बारीक चिरा पडतात. बाहेरून पट्टी अखंड दिसते, आणि वीज तिथे अडते. म्हणून काहींनी धातूच पातळ करून टाकला. गॅलियम आणि इंडियमचा एक मिश्रधातू साडेपंधरा अंश सेल्सिअसला वितळतो, म्हणजे आपल्याकडे तो बहुतेक काळ पाण्यासारखाच. रबरी नळीत तो भरला की अँटेना ताणता येतो, पिळता येतो, आणि चीर पडायला घन असे काही उरतच नाही. २००९ साली नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठात असा अँटेना करून दाखवला गेला. पण त्याची वाहकता तांब्याच्या सतराव्या हिश्शाएवढी, आणि हवा लागताच त्यावर धरणारी ऑक्साइडची साय नळीच्या भिंतीला चिकटते. दुसरी वाट आकार आठवणाऱ्या धातूची, निकेल आणि टायटेनियमच्या निटिनॉलची. जॉन्स हॉपकिन्सच्या उपयोजित भौतिकी प्रयोगशाळेने त्याचा त्रिमितीय छपाईने असा अँटेना केला की थंड असताना तो सपाट चक्री असतो, तापवल्यावर उठून शंकूसारखा उभा राहतो. चकलीचा वेढा मधोमध धरून वर ओढावा तसा. पण तापायला वेळ लागतो आणि वीज लागते. क्षणात हजार वेळा वारंवारता बदलणे त्याच्याच्याने होणार नाही. ते काम खटक्यांचेच.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा की हलणाऱ्या भागांचे दिवसच संपत आले. आजचे सपाट अँटेना शेकडो, हजारो बारीक घटकांचे बनतात. प्रत्येकाला लहर किंचित आधी किंवा नंतर सोडायला लावली की पटल जागचे न हलता झोत हव्या त्या दिशेला वळतो. घराच्या छतावरून उपग्रहाशी बोलणाऱ्या स्टारलिंकच्या सुरुवातीच्या तबकडीला दिशा धरायला मोटारी होत्या. पुढच्या आवृत्तीत त्या काढून टाकल्या. हे मान्यच केले पाहिजे, आणि झोत वळवण्यापुरता वाद इथे संपतो. पण किंमतही पाहावी. तशी तबकडी ७५ ते १०० वॅट वीज सतत खाते, म्हणजे एक छताचा पंखा अखंड चालू. घराला ती परवडते, बुटाच्या खोक्याएवढ्या उपग्रहाला नाही. आणि दुसरे, अधिक मूलभूत: हजार घटक मांडायलाही पटल हवेच. जमिनीवरच्या साध्या फोनशी थेट बोलण्यासाठी २०२२ साली सोडलेला ब्लूवॉकर-३ पाहा. फोनचा अँटेना मोठा होऊ शकत नाही, म्हणून आकाशातला मोठा हवा, असा त्याचा सरळ हिशेब. त्याचे इलेक्ट्रॉनिक पटल ६४ चौरस मीटरचे, आणि ते वर नेले मिटवूनच. नोव्हेंबरमध्ये ते उघडले आणि रात्रीच्या आकाशात इतके चमकू लागले की खगोलशास्त्रज्ञांनी तक्रार केली. निसारमध्ये तर दोन्ही पक्ष एकाच उपग्रहावर नांदतात. बारा मीटरची जाळी उघडून स्थिर राहते, आणि तिच्यासमोरचे इलेक्ट्रॉनिक घटक पाळीपाळीने जागे होऊन झोत सुमारे २४० किलोमीटर रुंदीच्या पट्ट्यावर सरकवतात. क्षेत्रफळ घडीने दिले, चपळाई विजेने. हा झगडा मुळात दोन वेगळ्या कामांचा होता, तो उगीच एका खुर्चीसाठी लावला गेला.

मग आपल्या खिशातला फोन उद्या कागदी होडीसारखा दुमडत अँटेना बदलेल का? मला ते संभवत नाही असे वाटते. फोनच्या लहरी बहुतांशी इतक्या आखूड झाल्या आहेत की खटक्यांनी भागते, आणि दिवसाला शंभर वेळा हलणारी कुठलीही कडी खिशातल्या धुळीपुढे फार टिकत नाही. ट्रान्झिस्टरच्या सरकत्या दांडीचे काय होई ते सर्वांना ठाऊक आहे. आधी डगमगायची, मग वाकायची, शेवटी तिच्या बुंध्याला तारेचा तुकडा गुंडाळला जायचा. घडीचा अँटेना जिथे जागा नाही, वीज नाही आणि दुरुस्तीला माणूसही नाही तिथे शोभतो. म्हणजे पाठपिशवीतून नेऊन पुराच्या गावात उभारायचा संपर्क, आणि छोटे उपग्रह.

छोट्या उपग्रहांतले सर्वांत धाडसी जोडपे मार्को. ५ मे २०१८ रोजी इनसाइट यानासोबत ते मंगळाकडे निघाले, प्रत्येक ब्रीफकेसएवढे. मंगळावरून पृथ्वीला ऐकू जायचे तर अँटेना मोठा हवा आणि गोल आरसा घडी करून बसवायला जागा नाही. उपाय असा काढला की वक्रताच काढून टाकली. तीन सपाट पट्ट्या बिजागऱ्यांवर मिटवल्या, आणि त्यांवर लहान-मोठे धातूचे चौकोन असे छापले की उघडल्यावर सपाट पटल वक्र आरशासारखे वागेल. सरळ बिजागरी अडकण्याची शक्यता छत्रीच्या काडीपेक्षा कमी. २६ नोव्हेंबरला इनसाइट मंगळाच्या वातावरणात शिरले तेव्हा त्याची खबर या दोघांनी सेकंदाला आठ हजार बिटांच्या वेगाने पृथ्वीकडे धाडली. पण त्याआधी, ९ मे रोजी, दोघांपैकी एकाने एक फोटो पाठवला होता. कॅमेरा निसर्गसौंदर्यासाठी नव्हता, घडी पूर्ण मोडली की नाही एवढे पाहण्यासाठी होता. फोटोत अँटेनाचे पटल नीट उघडलेले दिसते, आणि त्याच चौकटीत काळ्या पार्श्वभूमीवर दोन फिकट ठिपके आहेत. दहा लाख किलोमीटर मागे राहिलेली पृथ्वी, आणि तिच्याजवळ चंद्र.